जी शार्प काही केल्या वाजेना

ऑल्टो सॅक्सोफोन घेऊन तीन महिने झाले होते. जुलैत, कोल्हापुरात धो-धो पाऊस सुरू असताना, जी शार्प हा सूर अचानक बंद. डाव्या करंगळीने त्याची कळ दाबली तरी साधा जीच वाजायचा. मला वाटलं, फुंकच कमी पडतेय. आठवडाभर गाल फुगवून बसलो, शेजारी वैतागले.

शेवटी बँडवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "काय रं, चहा पिऊन वाजवतोस व्हय?" वाजवत होतो की! गोड थुंकी पॅडवर, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीवर, वाळून चिकट होते. त्यात या कळीची गंमत अशी की करंगळी पॅड उचलत नाही, फक्त दाब सोडते; उघडायचं काम एका नाजूक स्प्रिंगचं. जरा चिकटलं की ती हरते.

मामांनी सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली सरकवला, हलकेच दाबलं, सोडलं, मग कागद काढला. दाबून ठेवून ओढायचा नाही, चामडं फाटतं. तिसऱ्या कागदावर पिवळट डाग उतरला आणि पॅड टपकन उघडलं.

आता आधी चूळ, वाजवून झाल्यावर आतून फडकं, रीड, म्हणजे तोंडात धरायची पातळ पट्टी, काढून वेगळी. चहा नंतर.