जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड घालताय? या चुका टाळा

कार्ड बदललं, ड्रायव्हर टाकला, गेम उघडला आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) होते जवळपास तेवढेच. वर पूर्वी नसलेले झटके सुरू झाले ते वेगळेच. अशा वेळी सगळा राग नव्या कार्डावर निघतो. बहुतेकदा कार्डात काही खोट नसते. त्याला काम पुरवणारा प्रोसेसर दहा-बारा वर्षांचा असतो आणि त्याची दमछाक आधीपासूनच चालू असते.

प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी गेमचं गणित उरकतो: कोण कुठे उभं आहे, काय कशावर आदळलं, पडद्यावर काय काय काढायचंय. मग तो कार्डाला हुकूम सोडतो. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणून एखाद्या गेममध्ये प्रोसेसरकडून सेकंदाला ७० फ्रेम्सच तयार होत असतील, तर कितीही तगडं कार्ड लावा, आकडा ७० च्या वर सरकणार नाही. दुसऱ्या गेममध्ये तोच प्रोसेसर १५० सहज काढेल. ‘माझ्या आय५ ला कोणतं कार्ड चालेल?’ याला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणता गेम खेळता आणि मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, हे आधी बघायला हवं. दोन नावं टाकली की ‘इतके टक्के बॉटलनेक’ (म्हणजे एक भाग दुसऱ्याला किती अडवतो) असं छापून देणारे कॅल्क्युलेटर गेमचा पत्ताच धड विचारत नाहीत. त्यांच्या आकड्यावर खरेदी करू नका.

टास्क मॅनेजरचा एक आकडा बघून निकाल देणं

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. ‘सीपीयू ६५ टक्केच वापरात आहे, म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे’, हा तर्क चुकीचा. तो आकडा सगळ्या कोअर्सची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांची) सरासरी असते. २०११ च्या आय५-२५०० मध्ये चार कोअर, चार थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरवर अडकून तो कोअर शंभर टक्के भरला आणि बाकीचे तीन अर्धवट चालले, की सरासरी साठ-पासष्टच दिसते. फ्रेम मात्र त्या एका कोअरपायी खोळंबलेली असते.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिवाट्यूनर, हे मोजमापाचे प्रोग्राम टाका, आणि गेमवर चार गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वेगवेगळा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख. आता गेममधल्या गर्दीच्या चौकात जाऊन उभे राहा. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर अडवणारं कार्डच आहे. कार्ड ६० वर रेंगाळतंय, एखादा कोअर शंभरला टेकलाय आणि फ्रेमटाइमच्या रेघेला मध्येच सुळके येतायत, तर अडचण प्रोसेसरची. फक्त त्याआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करायला विसरू नका. ६० वर लगाम घातलेलं कार्डही आरामातच दिसतं.

खात्री करायला आणखी एक सोपी परीक्षा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस उसळले तर कार्ड कमी पडत होतं. ढिम्म हलले नाहीत, तर नवं कार्ड घेऊन त्या गेममध्ये काहीही हाती लागणार नाही. ही परीक्षा खरेदीच्या आधी करायची असते, एवढंच लोक विसरतात.

स्लॉट लांब आहे म्हणून निर्धास्त राहणं

स्वस्तातली काही नवी कार्डं दिसायला पूर्ण स्लॉटभर असतात, पण आतून कमी लेनवर, म्हणजे डेटाच्या कमी वाटांवर चालतात. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरतं. पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी वाट) ४.० वर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर ४ आणि २.० वर जेमतेम २. त्यात त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत व्हीरॅम ४ जीबीच. ती भरली की टेक्श्चर्स साध्या रॅममधून याच अरुंद वाटेने आणावी लागतात आणि गेम अडखळतो. आय५-२५०० किंवा एएमडीचा एफएक्स-८३५० असलेल्या मशीनमध्ये वाट २.० चीच असते, तिथे हे कार्ड मी कोणालाही सुचवणार नाही. अशा ठिकाणी सोळा लेनचं जुनं जीटीएक्स १६५० सुपर किंवा १६६० सुपर जास्त शहाणपणाचं.

इंटेलच्या आर्क कार्डांची गोष्ट वेगळी. त्यांना रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) लागतं. बोर्डात ती सोय नसेल तर कामगिरी बरीच घसरते. शिवाय प्रोसेसर हळू असेल तर ड्रायव्हरचा भारही मोजावा लागतो: डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) वापरणाऱ्या बऱ्याच गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या रेडिऑनपेक्षा प्रोसेसरला जास्त राबवतो.

कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. मशीन निवांत असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड खालच्या वेगावर उतरतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट चालवा आणि मग आकडा बघा. तेव्हाही अपेक्षेपेक्षा कमी लेन दिसल्या, तर कार्ड चुकून खालच्या स्लॉटमध्ये तर नाही ना, ते तपासा.

सगळे पैसे कार्डावर उडवणं

चार थ्रेडच्या आय५ वर आजच्या गेमचे झटके थांबवायला पुष्कळदा त्याच सॉकेटमधला सेकंडहँड आय७ पुरतो. २५०० च्या जागी २६०० किंवा ३७७०, ४५७० च्या जागी ४७७०. कोअर चारच, पण थ्रेड आठ. सरासरी एफपीएस फार वाढले नाहीत तरी सर्वांत वाईट क्षणांतली पडझड कमी होते, आणि खेळताना जाणवते ती तीच. २०१७ च्या रायझन ५ १६०० वाल्यांचं नशीब आणखी चांगलं. बोर्ड कंपनीने नवा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दिला असेल तर बी३५० चिपसेटच्या जुन्या बोर्डावरही रायझन ५ ५६०० चालतो, आणि ही उडी मोठी आहे.

क्रम मात्र चुकवू नका. बोर्डाच्या अधिकृत यादीत नवा प्रोसेसर आहे का ते बघायचं, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा, आणि मग बदलायचा. उलट केलं तर पडदा काळा, आणि जुना प्रोसेसर पुन्हा बसवत बसा.

एक मर्यादा २६०० किंवा ३७७० घेऊनही सुटत नाही. एव्हीएक्स२ ही सूचनावली इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून, म्हणजे ४००० मालिकेपासून आली. काही नवे गेम तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्यामुळे ३७७० घेण्याआधी आपल्या गेमच्या अटी वाचा.

रॅमकडे काणाडोळा

८ जीबीची एकच पट्टी असेल तर सिंगल चॅनल, म्हणजे मेमरीची वाट निम्मी. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, जोडी २५.६. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबवर हे लगेच कळतं. डीडीआर४ वाल्यांनी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे ना, ते बघावं. ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर चाललेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. रायझनला याचा फटका जरा जास्तच बसतो.

चुकीच्या सेटिंग्ज उतरवणं

प्रोसेसर अडवत असताना टेक्श्चर्स आणि रिझोल्यूशन कमी करून फक्त चित्र खराब होतं. कमी करायचं ते गर्दीचं प्रमाण, दूरवरचं दिसणं, सावल्या, फिजिक्स. रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचं खरंखुरं गणित) प्रोसेसरला राबवतं, ते बंदच ठेवा. डीएलएसएस किंवा एफएसआरचं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं) कार्डाचा भार हलका करतं, प्रोसेसरचा नाही. आणि गेम ५० ते ८० च्या मध्ये हेलकावे खात असेल तर ५० वर लिमिट लावून बघा. आकडा लहान, पण खेळ बराच सपाट चालतो.

काहीच दिसत नाही तेव्हा

आधी हसू येईल अशी गोष्ट तपासा: मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात तर नाही? मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅट मिळतात. जुन्या एसएमपीएसला हा कनेक्टरच नसेल तर मोलेक्सचे (जुन्या चार पिनच्या वीज-कनेक्टरचे) जोड लावून मोठं कार्ड चालवू नका, तारा तापतात. ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस बदलणंही अनेकदा अवघड असतं, तिथे जीटीएक्स १०५० टीआयसारखं, स्लॉटवरच भागणारं कार्ड बरं. अशी बहुतेक कार्डं वेगळा कनेक्टर मागत नाहीत, पण मॉडेल बघून घ्या.

वीज पोहोचतेय, पंखे फिरतायत, तरी पडदा काळाच? यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेल्या जुन्या बोर्डांवर काही नवी कार्डं चित्रच देत नाहीत. कार्ड मित्राच्या मशीनवर चालवून बघा, आणि आपल्या बोर्डाचा शेवटचा बायोस टाका. मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर जीटीएक्स १००० मालिका आणि पुढच्या कार्डांना डीव्हीआयचा साधा जोड चालणार नाही, कारण त्यांतून अ‍ॅनालॉग सिग्नलच निघत नाही. एचडीएमआय ते व्हीजीए असा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.