विमानाचं अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडची पोरं आता लंडन, दोहा, टोरांटोला निघतात. तिकीट मोबाईलवर आलं की घरात हिशोब सुरू होतो. रात्री 2 ला मुंबईहून सुटणार, सकाळी 7 ला लंडन. "पाचच घंटे? एवढ्यात तर आपली ट्रॅव्हल्स संभाजीनगरलाही लागत नाही बावा!"

तिकिटावरची वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात तिथले सकाळचे 7 म्हणजे आपले साडेअकरा, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. येताना उलटं होतं. तिथून सकाळी 10 ला सुटून मुंबईला रात्री साडेअकराला उतरलात, तर दिसायला साडेतेरा तास, खरे नऊच. लंडनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं, म्हणून डिसेंबरात गेलेल्या चुलतभावाचा हिशोब जूनमध्ये चालवू नका. दुबई मात्र वर्षभर दीड तास मागे, दोहा अडीच.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का? उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात. येताना ते पाठीवर असतात. म्हणूनच अंतराला वेगानं भागून उत्तर काढणं फसवं. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर, ताशी 900 नं भागलं तर आठ तास. पण हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची रेघ, आणि विमान त्याच रेघेवरून जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. शिवाय आकडा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, तेही बघा.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:40. घरचे 15 च्या संध्याकाळी पेढे वाटून निघतात. विमान मात्र 14 तारीख संपल्यावर चाळीस मिनिटांनी उडून गेलेलं! अशा तिकिटाला 14 च्या रात्री साडेनऊलाच विमानतळावर हजर राहायचं असतं. पोचण्याच्या वेळेपुढं बारीक '+1' दिसला, तर तो दुसरा दिवस.

आता याच 00:40 च्या विमानापासून उलटं मोजा. नागपूर-मुंबई आणि पुढचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल, तर मुंबईत बॅग स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही. मध्ये सहा तास ठेवाच. म्हणजे मुंबईत संध्याकाळी साडेसहापर्यंत उतरायचं, नागपूरहून पाचच्या आत उडायचं, विमानतळावर तीनला पोचायचं. यवतमाळहून दीडशे किलोमीटर, तेव्हा सकाळी दहाला गाडी निघालेली बरी. आर्णी-दिग्रसकडच्यांनी त्याच्याही आधी. मुंबईत टर्मिनल 1 आणि 2 वेगळे, आता नवी मुंबईचं विमानतळही आहे, तेव्हा दोन्ही तिकिटांवरची नावं जुळवून पाहा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असाल तर धुक्यापायी आणखी मोकळा वेळ धरा. आणि जुलै-ऑगस्टात, नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं की फाटाही गाठता येत नाही, म्हणून आदल्या दिवशीच नागपुरात पाहुण्यांकडं मुक्कामाला जा.