मागे जाऊन काही बदलता आलं असतं तर बदलावं का? हा प्रश्न सुटत नसेल तर असं करून बघा

आधी कागद घ्या, मोबाईलच्या नोट्स नको, कागदच घ्या, आणि जे बदलावंसं वाटतं ते एकेका ओळीत लिहा. "माझं सगळं आयुष्यच चुकलं" असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. नेमकं लिहा. वडिलांचं दुकान बुडालं, भावाशी जमिनीवरून बोलणं तोडलं, आई आजारी असताना सुट्टी टाकून गेलो नाही, घरच्यांनी लग्नाची घाई केली आणि मी हो म्हटलं. असं.

मग प्रत्येक ओळीपुढे दोनातला एक शब्द लिहा, "घडलं" किंवा "केलं". दुकान बुडालं ते घडलं, भावाशी बोलणं तोडलं ते केलं. काही ठिकाणी दोन्ही लिहावं लागेल, ते लग्नाचंच बघा ना, दबाव होता आणि हो पण म्हटलं, तर ती ओळ तोडून दोन करा. हे एवढं करायला वेळ लागतो आणि रडू पण येतं, पण हीच सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे, कारण आपण काय करतो, आपल्यावर जे संकट आलं त्याचा पण पश्चात्ताप करत बसतो आणि जे आपण खरंच केलं त्याला नशीब म्हणून मोकळे होतो. दोन्ही उलटं आहे.

"केलं" वाल्या ओळींसाठी अजून एक प्रश्न, त्या दिवशी मला काय माहीत होतं? आज काय माहीत आहे ते नाही, त्या दिवशी. आईचा रिपोर्ट नंतर आला, तोपर्यंत घरात सगळे अ‍ॅसिडिटीच म्हणत होते, तर ती तुमची चूक नाही. पण माहीत होतं आणि तरी टाळलं असेल तर तेही स्वच्छ लिहा, इथे स्वतःला सूट देऊन काही फायदा नाही.

आता "घडलं" चा भाग. यात श्रद्धा येते, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकीचं बोलतात. "देवाच्या मनात होतं", "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य ज्याचं मूल गेलंय त्याला ऐकवायचं नसतं, कधीच नाही. तुकोबांचं उदाहरण याच्यासाठी लोक सर्रास देतात, दिवाळं निघालं बरं झालं, दुष्काळानं पीडलं तेही बरं झालं असा त्यांचा अभंग आहे ना, तो. पण त्याच तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात, १६३०च्या आसपास जो भयंकर दुष्काळ पडला त्यात पैसा गेला, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करत मेली, हे जसंच्या तसं सांगितलंय, काहीही गोड न करता. लाज वाटली, दुःखाने जीव त्रासला, धंद्यात तोटा आला, हेही सांगितलंय. म्हणजे "बरं झालं" म्हणणारा माणूस आणि "उपाशी मेली" म्हणणारा माणूस एकच आहे, आणि त्याने एक सांगताना दुसरं पुसलेलं नाही. मला वाटतं श्रद्धेचा खरा उपयोग हा आहे. झालेलं चांगलंच होतं असं सिद्ध करायची गरज नाही, वाईट ते वाईटच, आणि त्याच्यानंतर माझ्या हातून जे उभं राहिलं ते माझं, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने म्हणता यायला हवीत. आणि "बरं झालं" हे म्हणायचा हक्क फक्त ज्याने सोसलं त्याचा. तुम्हाला अजून म्हणावंसं वाटत नसेल तर नका म्हणू, आयुष्यभर नाही वाटलं तरी तुमची श्रद्धा कमी ठरत नाही.

तुकोबांनी पुढे काय केलं ते बघा, आपल्याला ते जास्त कामाचं आहे. त्याच अभंगात पुढे भंगलेलं देऊळ दुरुस्त करावंसं मनात आलं असं येतं. आणि परंपरेत सांगतात की घरात सावकारीची जी कर्जखतं (उधारीचे कागद) होती त्यातली भावाच्या वाट्याची भावाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. गेलेली बायको परत येणार नव्हती, पण ज्या लोकांवर त्यांचं येणं होतं ते तर मोकळे झाले. म्हणून "घडलं" च्या प्रत्येक ओळीखाली लिहा, हेच दुसऱ्या कुणावर येत असेल तर मी काय करू शकतो? वडिलांचं दुकान कर्जाने बुडालं असेल तर चुलतभाऊ कुठल्या ॲपवरून लोन घेतोय का ते विचारा, पटकन विचारा.

"केलं" वाल्यांसाठी रस्ता सरळ आहे पण जड आहे. पैसे असतील तर परत करा, शब्द असतील तर माफी मागा. जैन लोक संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणून माफी मागतात, चर्चमध्ये कन्फेशन म्हणजे पापाची कबुली असते, इस्लाममध्ये तौबा म्हणजे पश्चात्ताप करून मागे फिरणं आहे, आणि झालेली गोष्ट झालीच नाही असं यातला एकही धर्म म्हणत नाही, पण कबूल करायची जागा प्रत्येकाने ठेवलीये. दारू सोडू पाहणाऱ्यांची जी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस नावाची संघटना आहे, तिच्या १२ पायऱ्यांत नववी हीच आहे, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करा, पण त्याने त्यांना किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तर नको. ही अट फार महत्त्वाची. ज्या बाईने मोठ्या मुश्किलीने नवीन संसार उभा केलाय तिला तुमच्या मनाच्या शांतीसाठी रात्री मेसेज करू नका.

न केलेल्या गोष्टींचं वेगळं असतं. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९४-९५ मध्ये यावर काम केलं, त्यांना दिसलं की सुरुवातीला आपण केलेल्या चुका जास्त टोचतात पण बरीच वर्षं गेली की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. म्हणून त्या ओळींपुढे बघा दार अजून उघडं आहे का. राहिलेली डिग्री मुक्त विद्यापीठातून होते, भाऊ हयात आहे तर फोन लागतो, जमिनीचा विषय पहिल्या फोनवर काढायचा नाही एवढं पाळा.

आता मूळ प्रश्न, बदलावं का. यादीतली एक ओळ मनातल्या मनात खोडा आणि तिच्याबरोबर काय काय जातं ते बघा. ते लग्न नसतं तर ही मुलगी पण नसती. काही ओळी इथे आपोआप वाचतात. काही वाचत नाहीत, त्या खोडाव्याशाच वाटतात, काहीही गेलं तरी, आणि ते म्हणणं पण पूर्ण बरोबर आहे, त्याला कृतघ्नपणा म्हणू नका.

पण यादी लिहिता लिहिता "मीच नसतो तर बरं" असा विचार आला, किंवा रोज तेच फिरतंय, झोप आणि जेवण गेलंय, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, २४ तास. आणि घरातलं एखादं माणूस उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा.