पेट्रोलचा वास कधी येतो, ते आधी सांगा

मुंबईत भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत माझं छोटं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणून कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वास कधी येतो? पेट्रोल भरल्यावर, गाडी दुपारभर उन्हात उभी राहिल्यावर, की सिग्नलला इंजिन चालू असताना? या उत्तरावर निम्मी शोधाशोध वाचते. उरलेली नाकाने, हाताने आणि डोळ्यांनी करायची. ती कशी, ते लिहितो.

आधी रचना समजून घ्या. टाकीतलं पेट्रोल सतत उडत असतं. ती वाफ हवेत सुटू नये म्हणून टाकीच्या वरून एक नळी निघून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. आतले कोळशाचे दाणे वाफ धरून ठेवतात. डब्याचं एक तोंड बाहेरच्या हवेला उघडं असतं आणि दुसऱ्या तोंडातून नळी इंजिनकडे जाते. या नळीवर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, त्याची उघडझाप करतो, इंजिनाच्या ओढीने डब्यातली वाफ आत जाते आणि जळते. टाकीचं झाकण, पेट्रोल भरायची नळी, टाकीवरच्या पंपाची रिंग, वाफेच्या नळ्या, डबा, पर्ज व्हॉल्व्ह, यांत कुठेही फट पडली की वास सुटतो.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या गाड्यांचे असतात. तिथल्या गाड्या टाकी बंद करून आतला दाब टिकतो का ते स्वतःच तपासतात आणि १ मिलिमीटरचं, नव्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडून डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतात. स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावलं की कोड दिसतो: पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान, पी०४५६ म्हणजे अगदी बारीक. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ही तपासणीच नसते. पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर ईसीएमला कळतं, पी०४४३, पी०४५८ किंवा पी०४५९ असा कोड येतो. पण नळी फाटली तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. त्यामुळे ‘स्कॅनर लावला, काही नाही निघालं’ हे ऐकून घरी जाऊ नका. नाकाला जे कळलंय ते खरं आहे.

गाडीला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा. गाडीखाली थेंब पडतोय का, किंवा कुठे ओलं पेट्रोल दिसतंय का? दिसलं तर ही वाफेची गळती नाही. गाडी सुरू करू नका, टोइंग बोलवा. वाफेचीच गळती असली तरी काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, खड्ड्यात साचते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम अजिबात करू नका. मोबाइलचा चार्जर, ग्राइंडर, सिगारेट, काही जवळ नको. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगतो, कारण वेळ विचारण्याचा धडा मला तिच्यामुळे नव्याने मिळाला. मुलुंडच्या एक काकू हॅचबॅक घेऊन आल्या. म्हणाल्या, “दादा, नातू मागच्या सीटवर बसला की त्याला मळमळतं. पेट्रोलचा वास येतो म्हणतो. मला पुढे काही येत नाही.” दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झाकण बदलून झालं होतं, नंतर पर्ज व्हॉल्व्हही. पैसे गेले, वास तसाच. मी विचारलं, “रोज येतो का?” त्या थांबल्या, आठवलं, म्हणाल्या, “नाही हो. टाकी फुल्ल केली की दोन दिवस येतो. मग जातो.”

टाकी भरलेली असतानाच आणि मागच्या सीटवरच येणारा वास. पेट्रोल वरपर्यंत असताना जे भिजतं ते टाकीच्या माथ्यावरच असणार. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली एक पत्र्याचं झाकण असतं आणि त्याखाली पेट्रोल पंप. मी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मागची सीट उचलली, ते झाकण उघडलं. टाकीच्या माथ्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते, तपकिरी, पिठासारखी. पंपाच्या कड्याभोवती सगळीकडे ती तशीच होती, फक्त डाव्या बाजूला बोटभर लांब, चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ होता. पेट्रोल तिथून डोकावत होतं, धूळ धुऊन नेत होतं आणि उडून जात होतं. कडं सोडवलं. खालची रबरी रिंग एका जागी पिळून दुमडली होती.

तो पंप सहा महिन्यांपूर्वी मीच बसवला होता. नवी रिंग हाताशी नव्हती, म्हणून जुनीच परत घातली होती. पेट्रोलमध्ये राहिलेली रिंग फुगते, बाहेर काढली की पुन्हा आपल्या खाचेत नीट बसत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी घाई केली. काकूंना तिथेच सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकतं, ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, आणि एक लहान मूल ती वाफ सहा महिने घेत होतं. पंप निघाला की रिंग नवीच घालायची, हा नियम त्या दिवसापासून मी मोडलेला नाही.

वास कधी येतो त्यावरून कुठे बघायचं, हे असं. पेट्रोल भरल्यावर बाहेरून, मागच्या चाकाजवळ येत असेल तर चाकामागचं प्लास्टिक काढून पेट्रोल भरायची नळी आणि तिच्याशेजारची बारीक नळी बघा. पावसाळ्यातला चिखल तिथे साचून राहतो, पत्र्याची नळी असेल तर खारी हवा तिला आतून-बाहेरून खाते आणि रबराच्या जोडाला तडे जातात. उन्हात उभ्या गाडीतून येत असेल तर आधी झाकण. रबरावरून नख फिरवा, केसाएवढा तडा डोळ्याला दिसत नाही, पण नखाला अडतो. झाकण फिरवल्यावर कट-कट आवाज येईपर्यंत बसतंय का तेही पाहा. मग डबा.

डब्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो आपणच खराब करतो. पेट्रोल भरायला गेलो की टाकी भरल्यावर नोझल आपोआप बंद होतं, म्हणजे ऑटो कट होतो, आणि पंपावरचा मुलगा विचारतो, “राउंड फिगर करू?” आपण मान डोलावतो. टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा पेट्रोलने भरते आणि ओलं पेट्रोल नळीतून डब्यात शिरतं. कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पेट्रोल पिण्यासाठी नाही. एकदा भिजला की वाफ तशीच बाहेर सुटते, कधी दाणे फुटून त्यांची भुकटी पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकते. डबा काढून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं किंवा तो नेहमीपेक्षा फारच जड लागला, तर तो गेला. नळीच्या तोंडातून काळी भुकटी आली तरी गेलाच. ऑटो कट झाला की नोझल काढायला सांगा, रक्कम सत्तावन्न रुपयांवर संपली तरी चालेल.

वास बोनेटखालून, इंजिन चालू असताना येत असेल किंवा पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नसेल, तर पर्ज व्हॉल्व्हवर संशय घ्या. थंड इंजिन सुरू करा, व्हॉल्व्हची डब्याकडून येणारी नळी काढा आणि तिथे बोट ठेवा. बहुतेक गाड्यांत थंड असताना ओढ लागायला नको. बोट खेचलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. स्कॅनर असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. तो बराच अधिक असेल आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर इंजिन कुठून तरी जादा हवा खातंय. मग व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्यामधली नळी फडकं गुंडाळून पकडीने हळूच दाबा. ट्रिम खाली आला, आयडलिंग स्थिर झालं, तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा व्हॉल्व्ह आणि दाबलेली जागा यांच्यामधल्या नळीतूनच येतेय. हे आधी करा, मग पार्ट मागवा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेला व्हॉल्व्ह परत घेतला जाईलच असं नाही.

सुट्या नळ्यांसाठी माझी युक्ती डॉक्टरांच्या बीपी मशीनची आहे. तिचा रबरी फुगा आणि काटा मेडिकलच्या दुकानात मिळतो. नळी गाडीतून काढा, एक टोक बुचाने बंद करा, दुसऱ्याला फुगा जोडा, काटा २० पर्यंत न्या. हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो, पाण्याच्या उंचीत मोजला तर तो दाब साधारण २७० मिलिमीटर होतो, एवढा पुरतो. दोन मिनिटं काटा हलला नाही तर नळी चांगली. उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवेल. उंदराचे दात नळीच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे हात फिरवून बघा. पावसात उंदीर गरम इंजिनाशेजारी येतात आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये अशी एक तरी नळी येते. काढलेल्या व्हॉल्व्हलाही हाच फुगा लावा. वीज नसताना हवा अडली पाहिजे, १२ व्होल्ट दिल्यावर ‘टक’ होऊन सुटली पाहिजे.

टाकीला मात्र फुगा लावू नका, गॅरेजचा कॉम्प्रेसर तर नाहीच. आत पेट्रोलची वाफ आहे. जास्त दाबाने टाकी फुगते, जोड सुटतात. टाकीसाठी स्मोक मशीन, म्हणजे गळती दिसावी म्हणून आत धूर सोडणारं यंत्र हवं, तेही नायट्रोजनवर चालणारं, दाब अर्ध्या पीएसआयच्या आत. सकाळी थंड वेळी करायचं, कारण दुपारच्या उन्हात पेट्रोलच वाफ सोडून काटा वर ढकलतं आणि गळती लपते. धूर सोडल्यावर पहिली पाच मिनिटं घाई करू नका. कॅनिस्टरचं हवेचं तोंड बंद केलंय ना, ते बघा, नाहीतर तिथूनच निघणाऱ्या धुराला गळती समजाल. मग टॉर्च तिरका धरून बघत राहा. फाटलेल्या जागेतून धूर भसकन येत नाही, उदबत्तीसारखी एक रेघ हळूच उठते, वाऱ्याने मोडते, पुन्हा उठते. पंखा बंद ठेवा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत खूप आहेत, म्हणून हेही लिहितो. सीएनजीमध्ये मुद्दाम घातलेला वास सडक्या कोबीसारखा येतो, पेट्रोलसारखा गोडसर-तिखट नाही. तसा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि अधिकृत सीएनजी केंद्राला कळवा. यातलं काहीही त्यावर करायचं नाही. पेट्रोलचाच वास असेल, तर या गाड्यांत आधी किट बसवताना हलवलेल्या वाफेच्या नळ्यांच्या क्लिपा तपासा. एखादी नळी परत जोडायची राहून गेलेली मी दोनदा पाहिली आहे.

काम झालं की टाकी ऑटो कटपर्यंत भरा, पुढे नाही. गाडी रात्रभर बंद उभी ठेवा, काचा वर. सकाळी दार उघडताक्षणी नाक आत घाला. पहिल्या श्वासालाच कळतं, नंतर नाक सरावतं. काकूंची गाडी मी माझ्या दारात दोन रात्री ठेवली. दोन्ही सकाळी मागच्या सीटवर नुसता रेक्झिनचा आणि पावसाळी ओलीचा वास होता. तिसऱ्या दिवशी नातूच गाडी न्यायला आजीबरोबर आला, मागे बसला आणि दार लावून घेतलं.