शब्द यादीत आहे, तरी अ‍ॅपला सापडत नाही?

एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटरवर (ब्लॉक जोडून मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन) मुलांकडून इंग्रजी-मराठी शब्दांचं अ‍ॅप करून घेताना हमखास हाक येते, ‘सर, वॉटर यादीत आहे, तरी नॉट फाउंड येतंय!’ खोडी मोबाइलच्या कीबोर्डची. तो कधी पहिलं अक्षर कॅपिटल करतो, तर कधी सुचवलेल्या शब्दावर टॅप केलं की शेवटी स्पेस चिकटवतो. मग अ‍ॅपला तो यादीतल्यापेक्षा वेगळाच शब्द वाटतो.

१. यादीतले इंग्रजी शब्द स्मॉल अक्षरांत लिहा.
२. टाइप केलेल्या शब्दाला ‘ट्रिम’ (पुढची-मागची स्पेस काढणारा) आणि ‘डाउनकेस’ (सगळी अक्षरं स्मॉल करणारा) ब्लॉक लावा.
३. मग तो ‘लुकअप इन पेअर्स’ला, म्हणजे शब्द-अर्थ जोड्यांच्या यादीत शोधणाऱ्या ब्लॉकला जोडा. तिथलं ‘नॉट फाउंड’ खोडून मुलांना हवं ते लिहू द्या. ‘अजून शिकलो नाही बुवा’ वगैरे.

मराठी शब्द शोधायचा असेल तर डाउनकेस निरुपयोगी, पण ट्रिम काढू नका.