शाळा-बालगृहासाठी निधी गोळा करताय? या चुका टाळा

गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीत शाळा आणि बालगृह चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "लोक देतात हो, पण पगाराच्या तारखेला खात्यात काही नसतं." देणाऱ्यांची नियत चांगली असते, चूक बहुतेकदा आपल्या मागण्यात असते.

"काहीही द्या, चालेल" असं म्हटलं की वस्तू येतात. जूनमध्ये वह्या-दप्तरांचा ढीग लागतो, एकेका मुलाला दोन-दोन दप्तरं मिळतात आणि गळका पत्रा मात्र तसाच राहतो. वाढदिवसाचं जेवण द्यायला तीन कुटुंबं एकाच रविवारी येतात. मुलं तिसऱ्यांदा केक कापायला टाळ्या वाजवतात, डब्यातली बिर्याणी उरते आणि सोमवारी पुन्हा डाळ-तांदूळ उधारीवर. म्हणून आधी एका मुलाचा महिन्याचा खरा खर्च मांडा. त्यात धान्य, गॅस, लाइट बिल, औषधं यांच्याबरोबर रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या मावशींचा पगारही धरा. पगार मागायला लाजू नका. तापाने फणफणलेल्या पोराला मध्यरात्री रिक्षात घालून दवाखान्यात त्याच नेतात. हा आकडा घेऊन सोसायट्या, गणेशोत्सव मंडळं, जुने विद्यार्थी यांच्याकडे जा आणि दरमहा थोडी रक्कम मागा. जेवणाच्या तारखा वहीत लिहून वाटून द्या.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खुपते: रडक्या चेहऱ्याचा फोटो आणि खाली "अनाथ मुलीला मदत करा". बालगृहातल्या कित्येक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, त्यामुळे मजकूरच खोटा ठरतो. शिवाय बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवा, तीच मुलगी उद्या दहावीच्या वर्गात बसेल आणि तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर असेल. मुलांनी काढलेली चित्रं, फळा, स्वयंपाकघर दाखवा. तेवढं पुरतं.

कागदपत्रांत ढिलाई नको. बालगृहाची बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालची नोंदणी आधी तपासा. कंपनीकडे तिच्या सामाजिक कामाच्या (सीएसआर) निधीसाठी जायचं असेल तर सीएसआर-१ नोंदणी लागतेच. २ हजारांच्या वर रोख घेतली तर देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची, आयकरातली वजावट मिळत नाही. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, म्हणून "करात सूट मिळेल" असं सरसकट छापू नका.

परदेशातल्या पैशांबाबत तर फार जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने दुबईहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर हरकत नाही. तोच भाचा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ती परकीय देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. त्याला खाते क्रमांक पाठवण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा आणि सीएंना फोन करा.