सौदा किती रकमेचा, हे आधी ठरवा

क्रिप्टोत खरेदीआधी तोट्याची मर्यादा ठरवा. भांडवल ५०,००० रुपये, एका सौद्यात जोखीम १ टक्का, म्हणजे ५०० रुपये. स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो भाव, खरेदीभावाच्या ५ टक्के खाली असेल, तर ५०० भागिले ०.०५: सौदा १०,००० रुपयांचाच. स्टॉप-लॉस मनात ठेवू नका, ऑर्डर तिथल्या तिथे लावा. गोव्यात पावसाळ्यात वीज नेमकी नको तेव्हा जाते आणि हा बाजार रात्रीही चालूच असतो. स्टॉप-लिमिट ऑर्डरमध्ये दोन भाव असतात: ट्रिगर, म्हणजे जिथे विक्रीची ऑर्डर सुरू होते, आणि लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही. ती वापरत असाल तर लिमिट ट्रिगरच्या थोडी खाली ठेवा, नाहीतर झपाट्याच्या घसरणीत ऑर्डर तशीच पडून राहते. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, म्हणून सतत छोटे सौदे करणं आपल्याला परवडत नाही.